पाच कादंबऱ्या, दोन वर्षं आणि राजीनाम्याची तारीख

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वय २९, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर, गाव बागलाणातलं, घरात बोली अहिराणी. आजवर ११ कथा लिहून झाल्या, त्यांतल्या २ दिवाळी अंकांत आल्या. ३ कादंबऱ्या सुरू केल्या, तिन्ही अर्धवट आहेत. आता तुम्ही ठरवलंय की रोज २००० शब्द लिहायचे, २ वर्षांत ५ कादंबऱ्या पूर्ण करायच्या आणि येत्या गुढीपाडव्याला राजीनामा द्यायचा. बायकोची संमती आहे. हे ध्येय झेपेल का आणि पूर्णवेळ लेखक व्हायचं तर ते असंच मोठं ठेवावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी २२ वर्षं कादंबऱ्या लिहितेय. त्यातली गेली ९ वर्षं नोकरीविना. त्याआधी एकदा, ३३व्या वर्षी, मी नोकरी सोडली होती आणि १४ महिन्यांनी दुसरी शोधावी लागली होती. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकी देता येणार नाही.

ध्येय मोठं आहे म्हणून मी ते कमी करा असं म्हणणार नाही. पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकाच दोरीने बांधल्या आहेत: रोजचे शब्द, पुस्तकांची संख्या आणि राजीनामा. त्यांतली पहिली तुमच्या हातात आहे, दुसरी निम्मी आहे, तिसरी घरातल्या सगळ्यांची आहे. एक निसटली की तिन्ही निसटतात, आणि मग माणूस लिहिणंच सोडतो. माझं तेच झालं होतं.

आधी तुमचाच हिशेब मांडून पाहू. मराठी कादंबरीच्या डेमी आकाराच्या एका पानावर साधारण २५० ते ३०० शब्द बसतात. म्हणजे २०० पानांची कादंबरी ५०–६० हजार शब्दांची. पाच कादंबऱ्यांचे जास्तीत जास्त ३ लाख शब्द. रोज २००० लिहिले तर १५० दिवसांत काम संपतं. तुमच्याकडे ७३० दिवस आहेत. मग २ वर्षं कशाला? आणि त्याहून महत्त्वाचं, गेल्या चार वर्षांत एकही कादंबरी शेवटापर्यंत का गेली नाही? शब्द कमी पडले म्हणून नाही. तिन्ही अर्धवट कादंबऱ्या मिळून ४१ हजार शब्द झाल्याचं तुम्हीच लिहिलंय. जवळजवळ एका कादंबरीइतकं तुम्ही लिहून बसला आहात.

रोजच्या शब्दांचं हे माप बऱ्याच जणांकडे नोव्हेंबरच्या त्या अमेरिकी उपक्रमातून आलंय. सॅन फ्रान्सिस्कोत १९९९ साली २१ मित्रमंडळींनी महिन्याभरात ५० हजार शब्दांची कादंबरी लिहायचा घाट घातला, त्याला नॅनोरायमो नाव पडलं आणि पुढे जगभरातून लाखो लोक त्यात उतरले. दिवसाला १६६७ शब्द पडतात. ती चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली, पण माप मागे राहिलं. पहिल्यांदा कच्चा खर्डा पुरा करण्यासाठी ते वाईट नाही. अडचण अशी की ते इंग्रजीसाठी केलेलं माप आहे. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘घराच्या बाहेरून’ हे मराठीत दोन शब्द, इंग्रजीत चार-पाच. त्यामुळे मराठीतले २००० शब्द हे तिकडच्या २००० पेक्षा बरंच जास्त काम असतं. पहिल्या आठवड्यातच दमछाक झाली तर ती तुमची कमजोरी समजू नका.

आणखी एक. तुम्ही तीन पाळ्यांत काम करता आणि पाळी दर आठवड्याला बदलते. पहाटे पाचला उठून लिहायचं असा जो नेम तुम्ही लिहिलाय, तो दर तिसऱ्या आठवड्यात मोडणारच, कारण त्या आठवड्यात पहाटे पाचला तुम्ही मशीनजवळ असणार. नेम मोडला की वाटतं आपल्यातच काही खोट आहे. खोट नेमात आहे. तुमच्या जागी मी तीन आठवड्यांचं एक चक्र धरीन. दुसऱ्या पाळीचा आठवडा सर्वांत चांगला, सकाळी नऊ ते बारा घर शांत, डोकं ताजं. त्या आठवड्यात ५००० शब्द. पहिल्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळी तास-दीड तास, ३००० शब्द. रात्रपाळीच्या आठवड्यात नवीन एक ओळ लिहायची नाही, फक्त आधीचं वाचायचं आणि समासात खुणा करायच्या. चक्राला ८००० शब्द झाले. ६० हजार शब्दांना साडेसात चक्रं, म्हणजे सुमारे २३ आठवडे. दिवाळी आटोपल्यावर नोव्हेंबरच्या मध्याला बसलात तर एप्रिल संपता संपता, अक्षय्य तृतीयेच्या आसपास, कच्चा खर्डा हातात. हे रोज २००० पेक्षा दिसायला किती लहान आहे बघा, आणि कादंबरी पाच-साडेपाच महिन्यांत पुरी होतेय.

आता मुख्य गोष्ट. या उत्तरातला बराचसा वेळ मला इथे द्यायचा आहे, कारण तुमच्या तिन्ही कादंबऱ्या जवळपास एकाच ठिकाणी अडकल्या आहेत: १३ हजार, १५ हजार, १३ हजार. पन्नासेक पानं. हे तुमचंच नाही. माझ्याकडे वाचायला आलेल्या अर्धवट कादंबऱ्यांपैकी बहुतेक चाळीस ते साठ पानांच्या दरम्यान थांबलेल्या असतात. कथा लिहिणाऱ्या माणसाचा श्वास तिथपर्यंत पुरतो. कथेला एक परिस्थिती, दोन-तीन माणसं आणि एक वळण लागतं. तेवढ्या भांडवलावर कादंबरीची पन्नास पानं निघतात, कारण गाव उभं करायचं असतं, घर उभं करायचं असतं, माणसांची ओळख करून द्यायची असते. ते झालं की लेखकाकडे सांगण्यासारखं उरत नाही. मग त्याला दुसरी, नवी, ताजी कल्पना सुचते आणि ती पहिलीपेक्षा फार चांगली वाटते. तिचीही पन्नास पानं होतात.

माझी तिसरी कादंबरी इचलकरंजीतल्या यंत्रमागाच्या घरावर होती. खर्चीवाल्याचा, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणाऱ्या मागवाल्याचा, मुलगा पुण्याला शिकून परत येतो, बापाचे आठ माग विकायचे की चालवायचे यावर घरात ताण. ६२व्या पानावर मी ११ महिने अडले. रोज बसायचे, आधीची पानं सुधारायचे, उठायचे. पहिली ६२ पानं इतकी घासूनपुसून झाली होती की त्यांना हात लावायची भीती वाटायला लागली. शेवटी एका रविवारी मी कादंबरीतल्या सगळ्या माणसांची नावं एका कागदावर लिहिली आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहिली: माग विकले तर याचं काय जातं? मुलाचं काहीच जात नव्हतं. त्याला पुण्यात नोकरी होती. बापाचा अभिमान जात होता, पण बाप म्हातारा होता, तो रुसून बसण्यापलीकडे काही करणार नव्हता. जिचं सगळं जाणार होतं ती बाई पहिल्या ६२ पानांत तीनदाच आली होती: मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी, त्या घरात १९ वर्षं काम केलेली. तिच्या नावावर मागवाल्याने घेतलेलं कर्ज होतं, हे मीच चौथ्या प्रकरणात जाता जाता लिहून गेले होते आणि विसरले होते. पुढची १४० पानं तिची झाली. साडेचार महिन्यांत संपली. मुलगा कादंबरीत राहिला, पण बाजूला.

तेव्हापासून नवी कादंबरी सुरू करण्याआधी मी त्या कागदाने सुरुवात करते. ज्याचं सर्वांत जास्त जाणार आहे आणि जो गप्प बसू शकत नाही, ते माणूस कोण? ते सापडल्याशिवाय मी पहिलं वाक्य लिहीत नाही. कथानकाचा आराखडा मी फार सविस्तर करत नाही. काही जण प्रकरणवार तक्ता करतात, त्यांचं चांगलं चालतं. मला तक्ता झाला की लिहायचा कंटाळा येतो. पण त्या माणसाचं शेवटी काय होणार एवढं मला माहीत असावं लागतं. शेवट बदलला तरी चालतो. दिशा असली की पन्नासाव्या पानावर चालायला रस्ता असतो.

आणि पन्नासाव्या पानावर मागे वळून सुधारायला बसायचं नाही. तुम्ही लिहिलंय की रोज बसलं की आधी कालचं वाचून दुरुस्त करता. कथेत चालतं. कादंबरीत त्याने माणूस पुढे जातच नाही. कालच्या मजकुरातली शेवटची अर्धी ओळ वाचा आणि पुढे चला. एखाद्या पात्राचं नाव, वय, नातं मध्येच बदलावंसं वाटलं तर समासात ‘इथून पुढे हा थोरला’ असं लिहा आणि पुढचं पान थोरला समजूनच लिहा. मागचं नंतर. कच्च्या खर्ड्यात माझी पात्रं दोन-दोन नावांनी फिरतात. तो खर्डा मी कुणालाही दाखवत नाही.

त्यानंतर येतं ते काम तुमच्या ध्येयात कुठेच धरलेलं नाही: पुनर्लेखन. माझ्या अनुभवात कच्च्या खर्ड्याला एक वेळ लागला तर दुसऱ्या खर्ड्याला दीड वेळ लागतो. खर्डा झाला की सहा आठवडे फाईल उघडायची नाही. तेवढ्यात दिवाळी अंकाची कथा लिहा, हंगाम बरोबर जुळतो. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष या अंकांभोवती फिरत आलंय, आणि ते आपल्या सोयीचं आहे. बहुतेक संपादकांना कथा जून-जुलैपर्यंत हवी असते. ऑगस्टमध्ये पाठवलेली चांगली कथासुद्धा जागा भरली म्हणून साभार परत येते. तेव्हा मे-जूनमध्ये कथा, आणि पावसाळा लागला की कादंबरीचा खर्डा बाहेर काढायचा.

पहिलं वाचन छापील कागदावर करा. पडद्यावर डोळा चुका शोधतो, कागदावर कंटाळा शोधतो. दुसऱ्या वाचनात संवाद मोठ्याने वाचा. तुमच्या दोन छापील कथा मी वाचल्या. पहिलीतला बाप अहिराणीत बोलतो आणि तो चार वाक्यांत उभा राहतो. दुसरीतली माणसं पुस्तकी मराठीत बोलतात आणि कुणाचं बोलणं कुणाचं हे नावं झाकली तर कळत नाही. संपादकाला अहिराणी समजणार नाही अशी भीती तुम्हाला वाटली असावी. ती मनातून काढून टाका. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, संवाद तुमच्या घरात बोलतात तसे लिहा. संदर्भाने अर्थ लागतो, तळटीप नको. तुमच्याकडे ही भाषा आहे हे माझ्या मते तुमचं सर्वांत मोठं भांडवल आहे आणि पाच कादंबऱ्यांच्या घाईत तुम्ही ते खर्ची न घालता ठेवून द्याल याची मला काळजी वाटते.

एवढं सगळं धरलं तर कादंबरीला, कच्च्या खर्ड्यापासून प्रकाशकाला पाठवण्याजोग्या प्रतीपर्यंत, तुमच्या वेळापत्रकात १४–१५ महिने लागतील. म्हणून मी तुमचं ध्येय असं बदलीन: तीन वर्षांत दोन कादंबऱ्या पक्क्या, तिसरीचा कच्चा खर्डा पूर्ण आणि कथा सहा. पाच कादंबऱ्या हव्याच असतील तर त्या ठेवा, मुदत सात वर्षांची करा. वेगाने लिहिणं वाईट असतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या आणि मराठीतल्या कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी त्यांनी लावली. पण त्या छोटेखानी पुस्तकांचा साचा ठरलेला होता, वाचक दर महिन्याला वाट पाहत होता. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि आपल्या कादंबऱ्या त्यात क्रमशः छापल्या. पुढचा अंक निघायचा म्हणून प्रकरण लिहावंच लागे. त्यांच्यामागे अंकाचा तगादा होता, तसा तगादा तुमच्यामागे कुणाचा आहे? असं एखादं माणूस शोधा. माझ्यासाठी ती एक शाळेतली मैत्रीण होती. दर महिन्याच्या १ तारखेला मी तिला पानांची संख्या कळवायचे, मजकूर कधीच नाही. ती फक्त ‘बरं’ म्हणायची. तेवढ्यावर माझी दोन पुस्तकं पुरी झाली.

आता पैसे. इथे मी स्पष्ट बोलते, कारण मला ३३व्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं.

मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती बहुधा १००० प्रतींची असते, हल्ली ५०० चीही असते. किंमत ३०० रुपये धरू. नव्या लेखकाला छापील किमतीवर साधारण १० टक्के रॉयल्टी मिळते. म्हणजे हजारची हजार प्रती विकल्या गेल्या तर ३० हजार रुपये. ती आवृत्ती संपायला दोन-तीन वर्षं सहज लागतात. तुमच्या पाचही कादंबऱ्या ठरल्याप्रमाणे झाल्या, पाचही स्वीकारल्या गेल्या, पाचही आवृत्त्या संपल्या, तरी दीड लाख रुपये, तेही कित्येक वर्षांत पसरलेले. घराला महिन्याला ३० हजार लागत असतील तर दरवर्षी अशा १२ आवृत्त्या संपायला हव्यात. शिवाय स्वीकारलेलं पुस्तक छापून यायला वर्ष-दीड वर्ष जातं, आणि रॉयल्टीचा हिशेब बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदा, मार्चनंतर होतो. आपल्या पुस्तकांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे राज्यातली ११ हजारांच्या आसपास अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं. १९६७ च्या कायद्याने उभं राहिलेलं हे जाळं नसतं तर मराठी कादंबरी कधीच आटली असती. पण त्यांचं अनुदान लांबलं की खरेदी लांबते, आणि तो उशीर अखेर लेखकापर्यंत पोचतो.

मग लोक जगतात कशावर? मी भाषांतरावर जगते. माझ्या वर्षाच्या उत्पन्नात माझ्या स्वतःच्या पुस्तकांचा वाटा अजूनही निम्म्याहून कमी आहे. २०१७ मध्ये स्टोरीटेल हे बोलत्या पुस्तकांचं ॲप भारतात आल्यापासून थेट ऐकण्यासाठी मराठीत मालिका लिहिल्या जाऊ लागल्या. हे काम तुम्हाला जमेल असं तुमचे संवाद वाचून वाटतं, कारण तिथे संवादच सगळं उचलतात. दूरचित्रवाणी मालिकांच्या संवादलेखनात पैसे जास्त आहेत. पण ते काम रात्री बारा वाजता फोन आल्यावर सकाळी सहापर्यंत प्रसंग बदलून देण्याचं आहे. मी सात महिने केलं. त्या सात महिन्यांत स्वतःचं एक पान लिहिलं नाही. घराची गरज असेल तर जरूर करा, मात्र त्या काळात कादंबरीचं ध्येय लांबणीवर टाकलंय असं मनाशी कबूल करून करा.

म्हणून राजीनाम्याची तारीख तुमच्या ध्येयातून आज काढून टाका. रत्नाकर मतकरींनी बँक ऑफ इंडियातली नोकरी २० वर्षांनंतर, १९७८ मध्ये सोडली. तोवर त्यांचं नाटक आणि लेखन रुजलं होतं. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत होते आणि कोकणावरच्या मोठाल्या कादंबऱ्या त्यांनी त्याच काळात लिहिल्या. नोकरीने लेखन मारलं नाही. कारखान्याबद्दल तर मी म्हणेन की तो तुम्हाला रोज माणसं देतोय. कंत्राटी कामगार, सुट्टीसाठी भांडणारी पोरं, बाराच्या ठोक्याला बदलणारी पाळी. हे मराठी कादंबरीत फारच थोडं आलंय, आणि ज्यांना ते आतून माहीत आहे ते लिहीत नाहीत.

नोकरी कधी सोडावी? माझ्या लेखी तीन गोष्टी जुळल्यावर. दोन कादंबऱ्या छापून आलेल्या आणि तिसरीची विचारणा प्रकाशकाकडून आलेली. लेखनाशी जोडलेल्या कुठल्यातरी एका कामातून, भाषांतर म्हणा, ऑडिओ म्हणा, सलग १२ महिने घरखर्चाच्या निम्मी रक्कम आलेली. आणि १८ महिन्यांचा घरखर्च बँकेत, भविष्यनिर्वाह निधीला हात न लावता. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो, तो स्वतःचा आधी काढून ठेवा. मी काढला नव्हता आणि १४ महिन्यांतल्या नवव्या महिन्यात वडिलांचं ऑपरेशन निघालं. परत नोकरी शोधण्याचं खरं कारण ते होतं. लेखन आटलं म्हणून मी परतले असं मी पुढे कित्येक वर्षं लोकांना सांगत आले, कारण तसं सांगणं जास्त लेखकासारखं वाटायचं.

बायकोची संमती आहे असं तुम्ही एका ओळीत लिहिलंय. कशाला संमती, हे दोघांनी बसून आकड्यांत लिहून काढा. महिन्याचा खर्च किती, त्यात तिच्या पगाराचा वाटा किती, मूल झालं तर काय, किती महिने पैसे नाही आले तर तुम्ही परत नोकरी धराल. मोघम संमती पहिल्या अडचणीत दोघांनाही बोचते. आणि रविवारच्या ज्या सकाळी तुम्ही लिहिणार आहात, त्या वेळी घरातलं कुणाचं काम वाढणार आहे, तेही त्या कागदावर यायला हवं.

करारापुरतं थोडक्यात. माझ्या दुसऱ्या कादंबरीचा करार एका पानाचा होता, त्यात मुदत लिहिलेली नव्हती. मी न वाचता सही केली. पुस्तक संपलं, प्रकाशक पुढची आवृत्ती काढेना आणि हक्क परतही देईना. मग एका वकिलांनी दाखवलं की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क सुपूर्द करताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं समजली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पाच वर्षं उलटली होती. पुस्तक सुटलं. घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर, करारात वेगळं काही म्हटलं नसल्यास, ते आपोआप संपतात, हेही त्याच कायद्यात आहे. तेव्हा छापील पुस्तक, ई-पुस्तक, ऑडिओ, भाषांतर, चित्रपट यांचे हक्क एका ओळीत देऊन टाकू नका. प्रत्येकाचा वेगळा उल्लेख आणि मुदत मागा. रॉयल्टी मिळायला लागली की कर सल्लागाराला विचारा: साहित्यिक पुस्तकांच्या रॉयल्टीवर लेखकाला ३ लाखांपर्यंत वजावट मिळते, पण नव्या करप्रणालीत ती मिळत नाही. पुस्तक काढायला तुमच्याकडे पैसे मागणारा किंवा तुम्हीच ३०० प्रती विकत घ्या म्हणणारा प्रकाशक भेटेल, लवकरच भेटेल. त्याला नाही म्हणा. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिथे हस्तलिखित पाठवा. निर्णयाला वेळ लागतो, पण तिथे तुमच्या खिशाला हात लागत नाही. आणि मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फाँटमधली कादंबरी बदलून घेताना जोडाक्षरांची जी वाताहत होते ती निस्तरण्यात माझा एक अख्खा महिना गेलाय.

राहता राहिला प्रश्न सुरुवात कशाने करायची याचा. नवीन कादंबरी सुरू करू नका. तुमच्या तीन अर्धवट कादंबऱ्यांचा सारांश तुम्ही पाठवलाय. शहरातल्या पत्रकाराची बाजूला ठेवा, ती तुमच्या ओळखीची दुनिया नाही आणि ते तिच्या सारांशातही कळतंय. कांद्याच्या व्यापाऱ्याची चांगली आहे, पण त्याचं काही जात नाही; भाव पडला तरी तो तरतोय. तिसरी, सटाण्याच्या त्या डाळिंबाच्या बागेची. बागेवर तेल्या रोग आला, मुलगा म्हणतो झाडं उपटून टाकू, आजी नाही म्हणते. तुम्ही ५१ पानं मुलाच्या डोळ्यांनी लिहिली आहेत. सारांशात मात्र एक वाक्य आहे की सातबाऱ्यावर आजीचं नाव आहे आणि ते घरात आजीशिवाय कुणाला माहीत नाही.

ती ५१ पानं छापून एका पाकिटात घाला आणि पाकीट बंद करून कपाटात ठेवा. येत्या दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात, सोमवारी सकाळी नऊ वाजता, आजी एकटीच तलाठ्याकडे जाते तो प्रसंग लिहा. तिच्या भाषेत.